पूर्वज्ञानाची ओळ

दोन वर्षांच्या बी.एड.मध्ये वीस आठवडे प्रत्यक्ष शाळेत काढायचे असतात. चंदीगडमध्ये ही आंतरवासिता सुरू झाली, की सेक्टर २० मधलं शासकीय शिक्षण महाविद्यालय, सेक्टर ३६ मधलं देव समाज शिक्षण महाविद्यालय आणि पंजाब विद्यापीठाचा शिक्षण विभाग इथले छात्राध्यापक पाठ टाचणांच्या फायली घेऊन शहरातल्या शाळांमध्ये दाखल होतात. महाराष्ट्रात डी.एड. किंवा बी.एड. केलेल्या कुणालाही टाचणाचा साचा तोंडपाठ असतो. उद्दिष्टे, साधने, पूर्वज्ञान, प्रस्तावना, हेतुकथन, विषयविवेचन, उपयोजन, गृहपाठ. तिकडच्या फायलींतही थोड्याफार फरकाने हाच साचा असतो.

यातली पूर्वज्ञानाची ओळ सगळ्यात छोटी. ‘विद्यार्थ्यांना पाळीव प्राण्यांची माहिती आहे’, ‘विद्यार्थ्यांना नाम म्हणजे काय हे ठाऊक आहे’, एवढं लिहिलं की पुढे सरकायचं. अनेकदा ती वर्ग पाहण्याआधीच लिहिली जाते, आदल्या रात्री, वरच्या वर्षातल्या कुणाची तरी जुनी फाईल समोर ठेवून. खरं तर सगळं टाचण तिच्यावर उभं असतं. नवं ज्ञान मनात आधीपासून असलेल्या ज्ञानाला जोडलं तरच रुजतं, या हर्बार्ट या जर्मन विचारवंताच्या सिद्धांतातून ही पायरी आली. जोडायचं कशाला हेच चुकलं, तर पुढचे चाळीस मिनिटांचे कष्ट वाया.

शिक्षक-प्रशिक्षणात सांस्कृतिक विविधता कुठे शिकवता, असं विचारलं की अभ्यासक्रमातल्या एखाद्या पेपरकडे बोट दाखवलं जातं. मला वाटतं, तिची खरी परीक्षा या ओळीत आहे. समोर बसलेलं मूल घरून काय घेऊन आलं आहे हे शोधून काढायला आपण भावी शिक्षकाला शिकवतो, की ते गृहीत धरायला शिकवतो?

आखीव शहराची मुलं

हा प्रश्न चंदीगडमध्ये जितक्या स्पष्टपणे दिसतो तितका क्वचित कुठे दिसेल. फाळणीत लाहोर गेलं आणि पूर्व पंजाबला राजधानी उरली नाही, म्हणून हे शहर उभं राहिलं. वास्तुरचनाकार ल कार्बुझिए यांनी ते चौकोनी सेक्टरांत आखलं. १ नोव्हेंबर १९६६ रोजी पंजाबचं विभाजन होऊन हरियाणा झाला, तेव्हा चंदीगड केंद्रशासित प्रदेश झालं आणि दोन्ही राज्यांची राजधानीही. १८८२ साली लाहोरला स्थापन झालेलं पंजाब विद्यापीठही फाळणीनंतर सोलनमार्गे इथे आलं. या शहरात पहिल्यांदा शिकवायला उभ्या राहिलेल्या कितीतरी शिक्षकांनी आपलं घर आणि आपलं गाव रावीपलीकडे सोडलं होतं. विस्थापित शिक्षकांनी घडवलेलं हे शहर आहे.

आज त्याचं क्षेत्रफळ ११४ चौरस किलोमीटर आणि २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या साडेदहा लाखांवर आहे. त्याच जनगणनेत सुमारे ७४ टक्के लोकांची भाषा हिंदी आणि २२ टक्क्यांची पंजाबी नोंदली गेली. प्रशासनाची अधिकृत भाषा मात्र इंग्रजी. आकडे पाहून वाटतं, दोनच तर भाषा आहेत, शिक्षकाला काय अवघड? पण जनगणना ‘हिंदी’ या एका मथळ्याखाली पन्नासहून अधिक मातृभाषा मोजते. देशभरात पाच कोटींहून जास्त लोकांनी आपली मातृभाषा म्हणून सांगितलेली भोजपुरीही त्यातच. चंदीगडमधल्या ७४ टक्क्यांत पूर्व उत्तर प्रदेश आणि बिहारमधून आलेली गवंडी, रिक्षाचालक, घरकाम करणाऱ्या बायका यांची कुटुंबं आहेत, हरियाणवी बोलणारी आहेत, हिमाचलच्या पहाडी बोली बोलणारीही आहेत. बावीस टक्के पंजाबी म्हणावी, तर बुडैल, अटावा, मलोया, धनास, खुड्डा लाहौरा या जुन्या गावांची स्वतःची पुआधी आहे. सतलज आणि घग्गर यांच्या मधल्या पट्ट्यातली ही बोली क्रमिक पुस्तकातल्या पंजाबीपासून बरीच वेगळी. याशिवाय नेपाळी आहेत, तमिळ मजूर कुटुंबं आहेत, शिक्षणासाठी आलेले काश्मिरी, लडाखी आणि ईशान्येकडचे तरुण आहेत.

एक गट तर मोजणीतच येत नाही. चंदीगडसाठी अनुसूचित जमातींची यादीच अधिसूचित केलेली नाही. त्यामुळे झारखंडहून मजुरीला आलेलं एखादं आदिवासी कुटुंब किंवा किन्नौरहून आलेलं कर्मचाऱ्याचं कुटुंब सरकारी तक्त्यात आदिवासी म्हणून दिसणार नाही. वर्गात मात्र ते मूल रोज समोर बसलेलं असतं.

शिवाय ही मुलं एका जागी राहतातच असं नाही. शहराच्या आराखड्यात मजुरांना जागा नव्हती, म्हणून वसाहती उभ्या राहिल्या. पुढे त्या एकेक करून हटवल्या गेल्या. १ मे २०२२ रोजी औद्योगिक भागातली कॉलनी नंबर ४ पाडण्यात आली आणि पात्र ठरलेल्या कुटुंबांना शहराच्या दुसऱ्या टोकाला, मलोयात घरं देण्यात आली. मोठ्या माणसांसाठी ते पत्ता बदलणं होतं. मुलांसाठी शाळा बदलली, बाई बदलल्या आणि आधी शिकलेलं पुन्हा सिद्ध करून दाखवायची पाळी आली.

लाल शाईखालचं व्याकरण

आता एका वहीकडे जवळून पाहू. हिंदीचं श्रुतलेखन. बाई म्हणतात ‘भाई’, पंजाबी घरातलं मूल लिहितं ‘पाई’. ‘घोड़ा’चा ‘कोड़ा’ होतो, ‘दूध’चा ‘दूद’. बाई लाल शाईने गोल करतात आणि शेजारी लिहितात: लक्ष द्या.

मुलाने लक्षच दिलेलं असतं. पंजाबीत घ, झ, ढ, ध, भ हे महाप्राण बोलण्यात राहिलेले नाहीत. त्यांची जागा सुरांनी घेतली आहे. शब्दाच्या सुरुवातीला ‘भ’ असेल तर पंजाबी माणूस ‘प’ उच्चारतो आणि सूर खाली नेतो. गुरुमुखीत अक्षरं जुनीच राहिली, उच्चार बदलले. देवनागरी शिकणाऱ्या या मुलाने आपल्या कानावर विश्वास ठेवून लिहिलं. त्याच्या चुका एका नियमाने जातात.

शेजारच्या बाकावर भोजपुरी घरातली मुलगी आहे. ती लिहिते, ‘हम खाना खाए’. प्रमाण हिंदीतला ‘ने’ तिच्या घरच्या भाषेत नाही, आणि ‘मी’च्या जागी ‘हम’ म्हणणं हा तिथला शिरस्ता आहे. तिसरा मुलगा म्हणतो, ‘मैंने जाना है’. हा पंजाबी वाक्यरचनेचा ठसा, आणि तो चंदीगडच्या रस्त्यावर, दुकानात, कचेरीत, कधीकधी खुद्द शिक्षकाच्या तोंडीही ऐकू येतो. चौथ्याच्या घरी तमिळ बोलतात. त्या लिपीत क, ख, ग, घ या चौघांना मिळून एकच अक्षर आहे. त्याची वही उघडली तर लाल शाईच जास्त दिसणार.

चार मुलांनी केलेल्या चार प्रकारच्या चुका, आणि प्रगतिपुस्तकात शेरा एकच: ‘भाषा कच्ची’. ज्या शिक्षिकेला हे नियम माहीत आहेत ती पंजाबी मुलाला पाच अक्षरांचा वेगळा सराव देईल आणि भोजपुरी मुलीला ‘ने’ची वाक्यं देईल. दोन्ही कामं एका आठवड्यात होण्यासारखी आहेत. जिला माहीत नाहीत ती सगळ्यांना तोच धडा पाच वेळा लिहायला सांगेल. ती मुलांवर माया करणारी असेल, कुठल्याही मुलाला ती जातीवरून किंवा प्रांतावरून बोल लावणार नाही. तरीही वर्षाअखेर तीच मुलं मागे राहिलेली दिसतील. म्हणूनच ‘सर्वांचा आदर करा’ एवढं प्रशिक्षणात सांगून भागत नाही. आदराला माहितीची जोड लागते.

आपल्याकडे हे काम झालेलं आहे. मूळच्या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ डॉ. मॅक्सिन बर्नसन यांनी फलटणच्या लोकांच्या बोलण्यातल्या भेदांचा अभ्यास केला, तिथेच स्थायिक झाल्या, भारताच्या नागरिक झाल्या आणि प्रगत शिक्षण संस्था उभी केली. मुलाची बोली हाताशी धरून त्याला प्रमाण मराठी वाचा-लिहायला शिकवता येतं, हे त्यांनी प्रत्यक्ष शाळा चालवून दाखवलं. चंदीगडच्या शिक्षण महाविद्यालयांत पंजाबी, पुआधी, भोजपुरी, अवधी, नेपाळी आणि पहाडी बोली यांची हिंदीशी तुलना करणारी पन्नास पानांची एक पुस्तिका प्रत्येक छात्राध्यापकाच्या हातात पडली, तर किती वह्यांतला अर्थ बदलेल!

पेपर आहे, पाठ नाही

अभ्यासक्रमात विविधता नाही असं म्हणता येणार नाही. त्यामागची हकीकत महाराष्ट्राशी जोडलेली आहे. आपल्याकडच्या २९१ डी.एड. महाविद्यालयांच्या मान्यतेचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला, तेव्हा न्यायालयाने शिक्षक-शिक्षणाची एकूण अवस्था तपासण्यासाठी न्यायमूर्ती जे. एस. वर्मा यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. २०१२ मध्ये त्याचा अहवाल आला. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४ च्या नियमांनी बी.एड. एका वर्षाचं दोन वर्षांचं केलं आणि ‘समकालीन भारत आणि शिक्षण’, ‘लिंगभाव, शाळा आणि समाज’, ‘अभ्यासक्रमातील भाषा’, ‘समावेशक शाळा’ असे विषय आणले. सर्व विषयांच्या शिक्षकाने वर्गातल्या भाषाविविधतेचा विचार करावा, हा यातला ‘अभ्यासक्रमातील भाषा’ या विषयाचा गाभाच आहे.

अडचण पुढे येते. हे विषय वाचले जातात ते टिपणांतून आणि तपासले जातात ते दीर्घोत्तरी प्रश्नांतून. ‘भारतीय वर्गातील विविधतेचे स्वरूप स्पष्ट करा’ या प्रश्नाचं उत्तम उत्तर, आपल्या वर्गातल्या एकाही मुलाच्या घरी कुठली भाषा बोलतात हे माहीत नसताना लिहिता येतं. केंद्रीय शिक्षक पात्रता परीक्षेत, म्हणजे सीटेटमध्ये, दीडशे प्रश्न असतात. बालविकास आणि अध्यापनशास्त्राच्या तीस प्रश्नांपैकी समावेशक शिक्षण आणि विशेष गरजा असलेली मुलं या भागावर पाच. चारांतला योग्य पर्याय कोणता हे सरावाने कळतं, कारण ‘मुलाच्या मातृभाषेचा उपयोग करावा’ हाच पर्याय बरोबर असतो. तो उपयोग करायचा कसा, हे परीक्षा विचारू शकत नाही.

आणि मग विविधता उरते ती समारंभापुरती. ‘विविधतेत एकता’ दिनाला एक गट भांगडा करतो, एक लावणी, एक बिहू. सजलेली मुलं, टाळ्या, फोटो. यात गैर काहीच नाही, मुलांना आनंद मिळतो. पण दादूमाजराच्या कचरा डेपोजवळ राहणाऱ्या, सफाई कामगाराच्या मुलाची संस्कृती कुठल्या पोशाखात दाखवायची? परिसर अभ्यासात ‘आपले मदतनीस’ हा धडा येतो. छात्राध्यापिका उत्साहाने विचारते, ‘तुमचे बाबा काय करतात?’ दुकानदार, शिपाई, ड्रायव्हर अशी उत्तरं येत जातात आणि एक मूल मान खाली घालून गप्प राहतं. सरावपाठाचा निरीक्षक लिहितो: प्रश्न विचारण्याचे कौशल्य उत्तम. त्या मुलाचं गप्प बसणं नोंदवायला निरीक्षणाच्या तक्त्यात रकानाच नाही. चंदीगडच्या लोकसंख्येत अनुसूचित जातींचं प्रमाण जवळपास १९ टक्के आहे. जातीने आणि कामाने बांधलेलं जगणं हाही या शहराच्या सांस्कृतिक विविधतेचा भाग आहे, आणि प्रशिक्षणात सगळ्यात कमी बोललं जातं ते त्याच्याचविषयी.

धड्यातला आशय जोडायच्या संधीही अशाच हुकतात. आपल्या नामदेवांची ६१ पदं गुरू ग्रंथसाहिबात आहेत. गुरदासपूर जिल्ह्यातल्या घुमानमध्ये त्यांचं स्थान आहे आणि २०१५ चं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन तिथेच भरलं होतं. मराठी मुलुखातून आलेला, शिंपी समाजातला एक संत पंजाबी घरांत रोज म्हटल्या जाणाऱ्या वाणीत सामावला, ही गोष्ट स्थलांतर, जात आणि भाषा या तिन्हींवर एकदम बोलायची वाट उघडते. शिक्षकाने ती वाट दाखवली तर बिहारहून आलेल्या मुलालाही कळेल, की परमुलखातून आलेल्या माणसाचा आवाज इथे मानाने ऐकला गेला आहे.

वर्धा, कोसबाड, टुसॉन

चंदीगड, हरियाणा आणि हिमाचलमध्ये प्राथमिक शिक्षकाला आजही सर्रास ‘जेबीटी’ म्हणतात, म्हणजे ज्युनिअर बेसिक ट्रेनिंग झालेला. यातलं ‘बेसिक’ गांधीजींच्या बुनियादी शिक्षणातून आलं आहे आणि त्या शिक्षणाचा उगम वर्ध्याचा. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्याला भरलेल्या परिषदेने चार ठराव केले. सात वर्षं मोफत व सक्तीचं शिक्षण, मातृभाषेतून शिक्षण, परिसराला साजेशा हस्तोद्योगाभोवती शिक्षण आणि हळूहळू स्वावलंबी होणारं शिक्षण. झाकीर हुसेन समितीने त्यावर अभ्यासक्रम बेतला. मुलाची भाषा आणि त्याच्या घरचं काम या दोन्ही गोष्टी शाळेच्या केंद्रस्थानी आणण्याचं धाडस त्या ठरावांत होतं. नाव हजार-दीड हजार किलोमीटर दूर जाऊन टिकलं. आशय मात्र टाचणाच्या साच्यात विरघळला.

तोच आशय कोसबाडच्या टेकडीवर जिवंत झाला. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं, अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या आणि १९५७ मध्ये काम कोसबाडला हललं. वारली मुलं शाळेत येत नाहीत, तर शाळा त्यांच्या अंगणात न्यायची. मोठी मुलं गुरं राखायला जातात, तर कुरणात शाळा भरवायची. अंगणवाडी आणि कुरणशाळा यांचा हा जन्म. पानं, बिया, शंख, खडे हीच साधनं. इथे तयार झालेल्या शिक्षिकांना पूर्वज्ञान अंदाजाने लिहावं लागत नव्हतं. त्या पाड्यावर जाऊन ते पाहत होत्या.

अमेरिकेत ॲरिझोना राज्यातल्या टुसॉनमध्ये लुईस मोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच दिशेचा प्रयोग केला आणि १९९२ मध्ये त्याविषयी लिहिलं. मेक्सिकन वंशाच्या कामगार कुटुंबांतली मुलं शाळेत मागे का पडतात, याचं उत्तर शोधायला प्राथमिक शिक्षक त्यांच्या घरी गेले. तक्रार सांगायला किंवा उपदेश करायला नव्हे, शिकायला गेले. या घरांत शेती, बांधकाम, यंत्रदुरुस्ती, औषधी वनस्पती, व्यापार यांचं भरघोस ज्ञान असतं, हे त्यांना तिथे कळलं. एक विद्यार्थी मेक्सिकोहून आणलेली मिठाई विकतो असं एका शिक्षिकेच्या लक्षात आलं. त्यातून वर्गात मिठाईवरचा आख्खा अभ्यास घटक उभा राहिला, त्यात घटकपदार्थ, गणित, विक्री, जाहिरात सगळं आलं, आणि मुलांना मिठाई करून दाखवायला एक पालक वर्गात आली.

चंदीगडच्या वसाहतींत हे ज्ञान काही कमी नाही. गवंड्याच्या मुलाला ओळंबा आणि गुण्या ठाऊक असतो, म्हणजे लंब आणि काटकोन. हातगाडी लावणाऱ्याच्या मुलीला तोंडी हिशोब येतो. भूमितीच्या टाचणात पूर्वज्ञान लिहायचं तर हे लिहायला हवं.

वेळ, गुण आणि पैसा

दोन आक्षेप रास्त आहेत. पहिला, चाळीस मुलांच्या वर्गात सहा भाषा असतील तर शिक्षकाने काय सहाही शिकायच्या? तसं कुणी मागत नाही. भाषा ओळखता यावी, तिच्या चार खोडी माहीत असाव्यात आणि मुलांना आपसात त्या भाषेत बोलू द्यावं, इतकं पुरे. दुसरा आक्षेप पालकांचा. आम्हाला इंग्रजी हवी आहे, बोली घरी आहेच. ही मागणी कमी लेखता येणार नाही. कष्टकरी आईबापांना इंग्रजीची किंमत चांगली कळते. चंदीगडलाच १९६३ पासून इंग्रजीच्या शिक्षकांना प्रशिक्षण देणारी प्रादेशिक संस्था आहे. पण मुलाला जे येतं त्याचा आधार घेतला, तर इंग्रजीही लवकर येते. घरची भाषा दाबून टाकली, तर धड कुठलीच येत नाही. संविधानाचं कलम ३५० क भाषिक अल्पसंख्याक मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याच्या सोयी करायला सांगतं, २००९ चा शिक्षण हक्क कायदा शक्य तेवढं मातृभाषेतून शिकवा म्हणतो आणि २०२० चं शैक्षणिक धोरण किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेचा आग्रह धरतं. कायद्याचं पाठबळ भरपूर आहे. ते वर्गात उतरवणारा शिक्षक घडवायचा राहिला आहे.

त्यासाठी नवा पेपर नको. वीस आठवड्यांपैकी पहिले दोन आठवडे छात्राध्यापकाने शिकवूच नये. त्याने वर्गाचा भाषानकाशा करावा, पाच मुलांच्या घरी जावं आणि तिथे काय शिकलो ते लिहावं. नंतरच्या प्रत्येक टाचणात पूर्वज्ञानाच्या ओळीपुढे एक प्रश्न असावा: हे तुम्हाला कशावरून कळलं? निरीक्षकाने त्या उत्तराला गुण द्यावेत. महाविद्यालयांनी वसाहतींत वाढलेल्या, घरातून पहिल्यांदाच पदवीपर्यंत पोचलेल्या मुलामुलींना फी आणि विद्यावेतन देऊन या पेशात आणावं. ज्याने स्वतः ‘भाषा कच्ची’ हा शेरा सोसला आहे, त्याला दुसऱ्याची वही वेगळी वाचता येते.

हे सगळं चंदीगडचं म्हणून आपण बाजूला ठेवू शकत नाही. पुण्याच्या बांधकामांवर, भिवंडीच्या यंत्रमागांच्या गल्ल्यांत, ऊसतोडीच्या तळांवर, मेळघाटच्या आणि नंदुरबारच्या शाळांत गोरबोली, पारधी, कोरकू, भिली, उर्दू, भोजपुरी आणि उडिया बोलणारी मुलं मराठी पुस्तक उघडून बसली आहेत. त्यांच्यासमोर उभ्या राहणाऱ्या शिक्षकाच्या फायलीतही तीच ओळ आहे आणि तीही बहुधा जुन्या फायलीवरून उतरवलेली आहे. ती खरी करायची तर वेळापत्रकात दिवस, निरीक्षणाच्या तक्त्यात गुण आणि महाविद्यालयाच्या अंदाजपत्रकात पैसे लागतात. तिन्ही गोष्टी विद्यापीठांच्या आणि शासनाच्या हातात आहेत. बी.एड.चा आराखडा पुन्हा एकदा बदलत असताना, चार वर्षांचे एकात्मिक अभ्यासक्रम आखले जात असताना, त्या मागण्याची हीच वेळ आहे. ज्या वर्ध्यातून मुलाची भाषा आणि त्याचं काम शाळेत आणण्याचा ठराव देशभर गेला, त्या वर्ध्याच्या मातीतल्या माणसांनी ही मागणी सगळ्यांत आधी करायला हवी.